चेहऱ्यातली सणक, नसेचं चित्र आणि उपचाराचा हिशेब

सकाळी दात घासताना ब्रश हिरडीच्या एका ठरावीक जागी लागतो आणि गालातून विजेचा झटका बसावा तशी कळ जाते. दोन सेकंदांत संपते, आणि मग पुन्हा येते. चहाचा घोट, तोंडावर मारलेलं पाणी, दाढीचं ब्लेड, पंख्याचा वारा, काहीही पुरतं. माणूस घास तोंडात धरून तसाच थांबतो, कारण चावलं की पुढची सणक येणार हे त्याला ठाऊक असतं. दाढेचं दुखणं समजून दाढ काढली जाते, कधी दोन काढल्या जातात, आणि कळ जिथल्या तिथे राहते. हा आजार म्हणजे ट्रायजेमिनल न्युराल्जिया.

आपल्याकडे कुठेही लचक भरली की ‘शिरेवर शीर चढली’ म्हणतात. बहुतेक वेळा तसं काही झालेलं नसतं. या एका आजारात मात्र ते शब्दशः खरं असू शकतं. चेहऱ्याची संवेदना वाहून नेणाऱ्या नसेवर एक धमनी चढून बसलेली असते. बोलीभाषेत नस, शीर, रक्तवाहिनी यांची सरमिसळ होते, म्हणून या लेखापुरतं ठरवून घेऊ. नस म्हणजे नर्व्ह. रक्त वाहून नेते ती धमनी किंवा शीर.

उपचार झाल्यावर हमखास विचारला जाणारा प्रश्न असा: ‘आता एमआरआयमध्ये नस बरी झालेली दिसेल का?’ दिसू शकतं, काही वेळा तर आश्चर्य वाटावं इतकं स्पष्ट दिसतं. पण त्यासाठी उपचाराच्या आधी त्याच नसेचं नीट काढलेलं चित्र हातात असावं लागतं. ते नसेल तर नंतरच्या चित्राला विचारायचं काय, हेच ठरत नाही. नेमकी हीच गोष्ट बहुतेक फायलींमध्ये नसते.

आधी जागा समजून घेऊ. ही ट्रायजेमिनल नस, मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी पाचवी, मेंदूच्या देठातून, त्याच्या मधल्या फुगीर भागाच्या म्हणजे पॉन्सच्या कडेने बाहेर पडते. मग साधारण एक सेंटिमीटर ती मेंदूभोवतीच्या पाण्यातून, म्हणजे सीएसएफमधून पुढे जाते आणि कवटीच्या तळाशी मेकेल्स केव्ह नावाच्या कप्प्यात शिरते. तिथे तिची गाठ, म्हणजे नसेच्या पेशींचा पुंजका, आहे, आणि गाठीतून तीन फांद्या फुटतात: कपाळ आणि डोळ्याची, गाल आणि वरच्या जबड्याची, खालच्या जबड्याची. कळ बहुतेकदा दुसऱ्या आणि तिसऱ्या फांदीत असते, आणि डावीपेक्षा उजवीकडे जास्त आढळते.

सगळी गडबड होते ती त्या पाण्यातल्या एका सेंटिमीटरमध्ये. नसेवरचं मायलिनचं आवरण पॉन्सजवळच्या पहिल्या काही मिलिमीटरमध्ये एका प्रकारच्या पेशींचं असतं, ऑलिगोडेंड्रोसाइटचं. पुढे ते श्वान पेशींचं होतं. हा सांधा नाजूक. वय वाढतं तशी जवळची सुपीरियर सेरेबेलर धमनी लांबते, लोंबते आणि नसेला टेकते. मग प्रत्येक ठोक्याला त्याच जागी धक्का. वर्षानुवर्षं हे चाललं की आवरण झिजतं आणि इन्सुलेशन गेलेल्या वायरींसारखे शेजारशेजारचे तंतू एकमेकांत संदेश सांडू लागतात. स्पर्शाचा संदेश वेदनेच्या तंतूत उतरतो. म्हणून नुसता वारा लागला तरी कळ येते. नसेला रक्तवाहिनी चिकटलेली असते हे वॉल्टर डँडी या अमेरिकन सर्जनने १९३०च्या दशकातच नोंदवलं होतं. १९६०च्या दशकात पीटर जॅनेटा यांनी ऑपरेशनच्या सूक्ष्मदर्शकाखाली ते पुन्हा पाहिलं आणि धमनी बाजूला करून मध्ये गादी ठेवायची शस्त्रक्रिया रूढ केली. तीच मायक्रोव्हॅस्क्युलर डीकॉम्प्रेशन, एमव्हीडी.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. या आजाराचं निदान कानाने होतं, एमआरआयने होत नाही. एका बाजूला, त्या नसेच्या हद्दीत, सेकंदाच्या अंशापासून दोन मिनिटांपर्यंत टिकणारी, झटक्यासारखी, साध्या स्पर्शाने सुरू होणारी कळ: एवढं रुग्णाच्या तोंडून ऐकलं की निदान झालं. एमआरआय सांगतो ते कारण. २०१८च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तीन गट आहेत. क्लासिकल गटात धमनीने नस नुसती शिवलेली पुरत नाही, ती दबलेली, सरकलेली किंवा बारीक झालेली दिसावी लागते. सेकंडरी गटात मागे मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदूतलं मायलिन जागोजागी झिजवणारा आजार), ट्यूमर किंवा रक्तवाहिन्यांचं जाळं असं दुसरं कारण असतं. आणि इडिओपॅथिक म्हणजे कारण ठरावं असं काही सापडत नाही.

‘नुसती शिवलेली पुरत नाही’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ज्यांना आयुष्यात कधी चेहऱ्याची कळ आलेली नाही अशा पुष्कळ लोकांच्या एमआरआयमध्येही धमनी नसेला टेकलेली दिसते. दुखणाऱ्याच्या न दुखणाऱ्या बाजूलाही दिसते. त्यामुळे रिपोर्टमधलं ‘व्हॅस्क्युलर लूप (रक्तवाहिनीचं वेटोळं) नसेला लागून आहे’ हे वाक्य एकट्याने काही सिद्ध करत नाही. नस किती दबली आहे, पॉन्सपासून किती अंतरावर दबली आहे आणि दाबणारी वाहिनी धमनी आहे की शीर, हे लिहिलेलं असेल तर त्या रिपोर्टचा उपयोग. सर्जन तीन पायऱ्या मानतात: नुसता स्पर्श, नस जागची सरकलेली किंवा वाकलेली, आणि नसेवर स्पष्ट खाच पडलेली. तिसरी पायरी असेल तर एमव्हीडीबद्दल जास्त विश्वासाने बोलता येतं.

आता हे दिसतं कसं ते पाहू. नेहमीच्या ‘ब्रेन एमआरआय’मध्ये काप पाच मिलिमीटर जाडीचे असतात. आपली नस दोन-तीन मिलिमीटरची. म्हणजे नस दोन कापांच्या मधे हरवून जाऊ शकते, आणि रिपोर्टमध्ये ‘नॉर्मल’ लिहून येतं. तो रिपोर्ट खोटा नसतो, पण प्रश्नच चुकीच्या मशीन-सेटिंगला विचारलेला असतो. हवा असतो तो पातळ कापांचा थ्री-डी टी-टू सीक्वेन्स, म्हणजे पाणी उजळ दाखवणारी चित्रमालिका, ०.५ ते ०.८ मिलिमीटरची. सीमेन्सच्या मशीनवर त्याला सिस म्हणतात, जीईवर फिएस्टा. त्यात सीएसएफ पांढरंशुभ्र दिसतं. पॉन्स मधे करडा गोल, आणि त्याच्या दोन्ही कुशींतून पुढे निघालेल्या दोन काळसर पट्ट्या. त्याच त्या नसा. अडचण अशी की रक्तवाहिन्याही काळ्याच दिसतात. पांढऱ्यावर काळी पट्टी आणि तिला छेदून जाणारी काळी दोरी, यातली दोरी कुठून आली आणि कुठे गेली हे एकेक काप पुढेमागे करत मागोवा घेऊन ठरवावं लागतं.

म्हणून जोडीला टाइम-ऑफ-फ्लाइट अँजिओ घेतात. त्यात वेगाने वाहणारं रक्त पांढरं दिसतं, नस दिसत नाही. दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवली की काळ्या नसेवर पांढरी धमनी कुठे बसली आहे ते कळतं. शिरेतलं रक्त संथ वाहतं, त्यामुळे शिरा या अँजिओत सहसा दिसत नाहीत. त्यासाठी गॅडोलिनियमचं, म्हणजे रक्तवाहिन्या उजळवणाऱ्या कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देऊन पातळ कापांचा टी-वन हा दुसरा सीक्वेन्स घेतात. डोस ०.१ मिलिमोल प्रति किलो, आणि त्याआधी मूत्रपिंडाचं काम सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन बघायचं. मूत्रपिंड फार कमजोर असेल तर इंजेक्शनचा विचार पुन्हा करायचा. शेवटी संपूर्ण मेंदूचा फ्लेअर सीक्वेन्स, मल्टिपल स्क्लेरोसिसचे डाग चुकू नयेत म्हणून. तरुण रुग्णाला किंवा दोन्ही बाजूंना कळ येणाऱ्याला फ्लेअरशिवाय सोडूच नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

मशीनमध्ये आत काय होतं याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. बोगद्यात रुग्णाच्या तोंडावर वारा सोडणारा पंखा असतो. इतरांना तो सुखाचा, पण या रुग्णाला तोच कळ आणतो. टेक्निशियनला आधीच सांगून तो बंद करून घ्यावा. डोकं हलू नये म्हणून गालाशी खुपसलेला फोमचा तुकडा नेमका दुखऱ्या जागी टेकला, तर दर दोन मिनिटांनी जबडा आवळला जातो आणि अर्ध्या मिलिमीटरचं चित्र वाया जातं. फोम कानामागे आणि कपाळाच्या कडेला लावावा. कार्बामाझेपिन हे या कळेवरचं औषध सुरू असेल तर त्या दिवसाची गोळी चुकवायची नाही, वेळेवर घेऊनच जायचं. स्कॅनसाठी औषध बंद ठेवल्याने काहीही जास्त दिसत नाही, फक्त हाल होतात.

इथपर्यंतचं चित्र नसेचा बाहेरचा आकार दाखवतं. उपचाराने नसेच्या आत काय बदललं हे पाहायचं तर दुसरी पद्धत लागते, डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग. तिला डीटीआय म्हणतात.

तिचं तत्त्व उसाच्या मोळीवरून समजतं. घट्ट बांधलेल्या मोळीवर पाणी ओतलं तर ते कांड्यांच्या लांबीने वाहतं, आडवं फारसं जात नाही. मोळी सैल झाली, कांड्यांवरची पाचटं निघाली, की पाणी आडवंही पसरतं. नसेतले तंतू म्हणजे कांड्या आणि मायलिन म्हणजे त्यांच्यावरचं आवरण. एमआरआय पाण्याच्या रेणूंची हालचाल वेगवेगळ्या दिशांनी मोजतो आणि त्यातून चार आकडे निघतात. एफए हा ० ते १ मधला आकडा. पाणी एकाच दिशेने जात असेल तर तो १ कडे झुकतो, सगळीकडे सारखं पसरत असेल तर ० कडे. एमडी म्हणजे एकूण हालचाल, एडी म्हणजे तंतूंच्या लांबीने होणारी आणि आरडी म्हणजे आडवी. ढोबळ वाचन असं: आरडी वाढली की संशय मायलिनवर, एडी बदलली की तंतूंवर. ढोबळ म्हणायचं कारण, सूज आली तरी हे आकडे हलतात. आकडा पाण्याची हालचाल सांगतो, तिचा अर्थ आपण लावतो.

न्युराल्जिया असलेल्या नसेत एफए सहसा निरोगी बाजूपेक्षा कमी सापडतो. माणसागणिक, वयागणिक आणि मशीनगणिक आकडे वेगळे येतात. अमुक आकड्याच्या खाली म्हणजे आजारी, अशी सगळ्यांना लागू पडणारी रेषा नाही. म्हणून तुलना त्याच माणसाच्या दुसऱ्या बाजूशी करतात. समजा, चांगल्या बाजूचा एफए ०.४० आणि दुखऱ्या बाजूचा ०.३२ आला. फरक ०.०८, म्हणजे चांगल्या बाजूच्या २० टक्के. पुढच्या वेळी हाच टक्का काय झाला ते पाहायचं. नुसता ०.३२ हा आकडा घेऊन दुसऱ्या सेंटरमध्ये गेलं तर त्याला काही अर्थ उरत नाही.

ही मोजणी बिघडते कुठे हे समजून घेणं गरजेचं आहे, कारण सुंदर रंगीत चित्र पाहून माणूस भुलतो. डीटीआयमध्ये चित्राचा सर्वात छोटा ठोकळा, म्हणजे व्हॉक्सेल, बऱ्याचदा दोन मिलिमीटरचा असतो. नसेची जाडी दोन-तीन मिलिमीटर. म्हणजे आडव्या छेदात पूर्णपणे नसेच्या आत बसणारा ठोकळा एखादाच. बाकीच्यांत अर्धी नस आणि अर्धं सीएसएफ. सीएसएफमध्ये पाणी कुठेही मोकाट पसरतं, त्यामुळे त्याची भेसळ झाली की एफए खोटा खाली येतो आणि एमडी खोटी वर जाते. आधीच बारीक झालेल्या नसेत ही भेसळ जास्त होते. म्हणजे नस बारीक आहे एवढंच खरं असताना मायलिन गेलं असा निष्कर्ष निघू शकतो. यावर उपाय म्हणजे थ्री टेस्लाचं, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाचं मशीन, शक्य तितके छोटे ठोकळे, आणि मोजणीची जागा नसेच्या गाभ्यात ठेवणं, कडेला जाऊ न देणं.

दुसरा बिघाड विकृतीचा. ही नस हाडाच्या आणि हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या शेजारून जाते, तिथे चुंबकीय क्षेत्र वेडंवाकडं होतं आणि डीटीआयचं चित्र ताणलं जातं. दातांना धातूच्या तारा असतील तर आणखीच. मग डीटीआयमधली नस आणि सिसमधली नस एकमेकींवर बसत नाहीत. उलट्या दिशेने आणखी एक छोटा सीक्वेन्स घेऊन संगणकावर ही विकृती बरीच सुधारता येते. पण तो सीक्वेन्स स्कॅनच्या वेळीच घ्यावा लागतो, नंतर आठवून उपयोग नाही. बी-व्हॅल्यू (पाण्याची हालचाल चित्रात किती ठळक उमटवायची याचं सेटिंग) साधारण १०००, मोजायच्या दिशा तीस ते साठ, वेळ आठ-दहा मिनिटं. सगळे सीक्वेन्स धरून रुग्ण चाळीसेक मिनिटं आत असतो.

तिसरा बिघाड माणसाचा. मोजणीची जागा हाताने आखायची असते. कोणती बाजू दुखते हे माहीत असलेल्या माणसाचा हात नकळत तिकडे झुकतो. आखणाऱ्याला बाजू सांगू नये. शक्य असेल तर दोघांनी वेगवेगळं आखावं आणि आकडे जुळतात का ते पाहावं.

आता मूळ मुद्दा, उपचाराचा हिशेब.

औषधाचा हिशेब लवकर होतो. कार्बामाझेपिन किंवा ऑक्सकार्बाझेपिन नसेतल्या अतिउत्साही संदेशांना लगाम घालतं. धमनी जिथे होती तिथेच राहते आणि खाचही तशीच राहते. कळ थांबली म्हणून पुन्हा एमआरआय काढायचा नसतो. औषधाचं यश रुग्ण सांगतो, आणि सोडियमसारख्या रक्ततपासण्या त्याची किंमत सांगतात.

गामा नाइफचा हिशेब सर्वात बोलका. यात कोबाल्ट-६० चे किरण अनेक दिशांनी एका बिंदूवर आणतात. नव्या मशीनमध्ये असे १९२ स्रोत असतात. नसेसाठी चार मिलिमीटरचा कोलिमेटर, म्हणजे किरणांची रुंदी ठरवणारा भाग वापरतात आणि केंद्राशी डोस साधारण ७० ते ९० ग्रे (किरणांच्या डोसाचं एकक) असतो. सगळं एका बैठकीत होतं, पण कळ त्या दिवशी थांबत नाही. आराम पडायला काही आठवडे ते सहा महिने लागू शकतात. नेमकी ही मधली मुदत जीव खाणारी असते. रुग्ण विचारतो, ‘लागला का डोस?’ आणि सांगण्यासारखं डॉक्टरकडेही फारसं नसतं. काही जणांच्या नसेत नंतर कॉन्ट्रास्टने एक चमकणारा ठिपका दिसतो, काहींच्या दिसत नाही.

टोरांटोत न्यूरोसर्जन मोजगान होदाई यांच्या गटाने २०१२मध्ये याच प्रश्नाला हात घातला. पाच रुग्ण, ८० ग्रे डोस, थ्री टेस्लावर उपचाराआधी आणि मग टप्प्याटप्प्याने चौदा महिन्यांपर्यंत त्याच नसेचं डीटीआय. लक्ष्याच्या जागी एफए ४७ टक्क्यांनी खाली आला. वरच्या उदाहरणातला ०.३२ घेतला तर तो ०.१७ होतो. त्याच नसेच्या बाकीच्या भागात मात्र लक्षणीय बदल नव्हता. म्हणजे किरणांचा परिणाम ठरवलेल्या टिचभर जागेतच झाला होता, आणि तो चित्रात बोट ठेवून दाखवता येत होता. कॉन्ट्रास्टचा ठिपका दिसो वा न दिसो, एफएची घट दिसत होती. आरडी ठळकपणे बदलली, एडी तशी बदलली नाही. उसाच्या मोळीच्या भाषेत, कांड्या शाबूत राहिल्या आणि आवरण सैल झालं. गामा नाइफ नस कापत नाही, मुख्यतः मायलिनला धक्का देतं, या समजुतीला यातून आधार मिळाला. पुढची नोंद आम्हाला सर्वात मोलाची वाटते: ज्यांना जास्त काळ पाहिलं त्यांच्यात एफए आणि आरडी पूर्ववत होऊ लागणं आणि कळ परत येणं यांचा संबंध दिसला.

पाच रुग्णांचा अभ्यास म्हणजे वाट आहे की नाही हे पाहणं, त्यावर घर बांधायचं नसतं. पण प्रश्न विचारायची रीत त्याने बदलली. गामा नाइफनंतर सहा महिन्यांनी आराम नसेल तर आता दोन शक्यता वेगळ्या करता येतात. लक्ष्याच्या जागी एफए पडलेलाच नाही: मग डोस नसेवर नीट बसला का, आखणीतली नस आणि खरी नस एकाच जागी होती का, हे तपासायचं. किंवा एफए चांगला पडला आहे आणि कळ मात्र तशीच आहे: मग निदानाकडेच परत जायचं. ही खरंच ट्रायजेमिनल न्युराल्जिया आहे का? सतत जळजळणारी, झटका नसलेली वेदना तर नाही? याच गटाने पुढे मोठ्या संख्येत सहा महिन्यांच्या मोजणीचा दीर्घकाळच्या आरामाशी संबंध तपासला, आणि लवकरच्या मोजणीत पुढचा अंदाज दडलेला असतो असं त्यांना आढळलं.

एमव्हीडीचा हिशेब याच्या उलट वाचायचा असतो, आणि इथे हमखास गल्लत होते. एमव्हीडीत सर्जन धमनी उचलून बाजूला करतो आणि मधे टेफ्लॉनच्या पिंजलेल्या तंतूंची छोटी गादी ठेवतो. नसेला इजा करायची नसते, तिची सुटका करायची असते. इथे एफए वर येणं, म्हणजे दोन्ही बाजूंतला फरक कमी होणं, ही चांगली खूण. आपल्या उदाहरणात ०.३२ चा ०.३७ झाला तर फरक २० टक्क्यांवरून साडेसात टक्क्यांवर आला. गामा नाइफच्या लक्ष्यावर मात्र एफए वर येणं ही काळजीची खूण ठरू शकते. तोच आकडा, तीच दिशा, अर्थ उलटा. म्हणून रिपोर्ट करणाऱ्याला उपचार कोणता झाला, कधी झाला आणि कोणत्या जागी झाला हे लिहून दिलंच पाहिजे. टोरांटोच्याच २०१५च्या अभ्यासात शस्त्रक्रियेने चांगला आराम पडलेल्यांच्या नसेतली बिघडलेली मापं सुधारलेली आढळली, आणि मेंदूतल्या इन्सुला या भागातला बदलही मागे फिरलेला दिसला. वर्षानुवर्षांच्या कळेने मेंदूवर उमटलेली खूण पुसली जाऊ शकते, ही रुग्णाला आवर्जून सांगावी अशी गोष्ट आहे.

एमव्हीडीनंतर लगेच डीटीआय काढू नये. पहिल्या दिवसांत तिथे थोडं रक्त, हवा आणि सूज असते, आकडे काहीही येतात. निदान तीन महिने जाऊ द्यावेत, सहा महिने आणखी बरे. लगेच स्कॅन लागतोच तर तो गुंतागुंत पाहायला, यश मोजायला नव्हे.

गालातून सुई घालून फोरामेन ओव्हेल या कवटीच्या तळातल्या छिद्रातून नसेच्या गाठीपर्यंत जाणारे उपचार वेगळे: रेडिओफ्रीक्वेन्सी, ग्लिसरॉल, फुगा. त्यांत गाठ आणि तिच्यामागचे तंतू मुद्दाम दुखावले जातात. तिथे पाण्यातला तो एक सेंटिमीटर मोजून फारसं हाती लागत नाही, आणि मेकेल्स केव्हच्या आतली मोजणी हाडाच्या शेजारामुळे बेभरवशाची असते. इथे गालाला किती बधिरपणा आला आणि कळ किती गेली हेच माप. अक्कलदाढ काढताना खालच्या जबड्याची नस दुखावली असेल तर तो आजारच निराळा. त्यासाठी जबड्याची एमआर न्यूरोग्राफी, म्हणजे नसांसाठीचा वेगळा एमआरआय करावा लागतो, वरचे सीक्वेन्स तिथे कामाचे नाहीत.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये बिघाड बऱ्याचदा पॉन्सच्या आत असतो, नसेची मुळं जिथून जातात तिथे. अशा रुग्णात पाण्यातली नस चांगली दिसली म्हणून हायसं वाटून घेऊ नये. मोजणी पॉन्सच्या आतही करावी.

कळ परत आली तर जुन्या आणि नव्या चित्रांची जोडी खरी कामाला येते. एमव्हीडीबद्दल नेहमी उद्धृत होणारा आकडा जॅनेटा यांच्या पिट्सबर्गच्या गटाचा आहे. १९९६मध्ये त्यांनी ११८५ रुग्णांचा हिशेब मांडला, आणि दहा वर्षांनी ७० टक्के रुग्ण औषधाशिवाय वेदनामुक्त होते. उरलेल्यांपैकी कुणी पुन्हा आलं तर सिस आणि कॉन्ट्रास्ट टी-वनमध्ये क्रमाने पाहायचं: गादी जागेवर आहे की सरकली, धमनी परत येऊन टेकली का, पूर्वी लक्षात न आलेली शीर तिथे आहे का, आणि टेफ्लॉनभोवती ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेचा गोळा झाला आहे का. हा ग्रॅन्युलोमा टी-टूवर काळा दिसतो आणि कॉन्ट्रास्टने चमकतो, त्यामुळे तो ट्यूमर समजला जाऊ शकतो. अशा वेळी साधा सीटी मदतीला येतो, कारण टेफ्लॉन सीटीवर पांढरं दिसतं. आधीच्या ऑपरेशनची नोंद न देता रुग्णाला स्कॅनला पाठवलं की नेमकी हीच चूक होते, आणि घरच्यांना विनाकारण ट्यूमरची धास्ती बसते.

चित्राच्या शेजारी वेदनेचं माप लिहिलेलं नसेल तर हिशेब अर्धाच राहतो. बीएनआय मापपट्टी सोपी आहे. एक म्हणजे कळ नाही, औषध नाही. दोन म्हणजे अधूनमधून कळ, पण औषध लागत नाही. तीन म्हणजे औषधाने कळ आटोक्यात. चार म्हणजे औषध घेऊनही पुरती आटोक्यात नाही. पाच म्हणजे तीव्र कळ, आराम नाही. प्रत्येक स्कॅनच्या दिवशी हा आकडा, चालू औषध आणि त्याचा दिवसाचा डोस, आणि बधिरपणा कुठे आहे हे लिहून ठेवावं. कपाळाच्या फांदीत बधिरपणा आला असेल तर डोळ्याच्या बुबुळाची संवेदना तपासून घ्यावी. बुबुळ बधिर झालं की कण गेलेला कळत नाही आणि जखम होते.

पहिल्या स्कॅनसाठी डॉक्टरांनी द्यायच्या चिठ्ठीवर ‘एमआरआय ब्रेन’ एवढंच लिहून भागत नाही. मजकूर साधारण असा असावा: ट्रायजेमिनल न्युराल्जिया, उजवी बाजू, दुसरी आणि तिसरी फांदी, अमुक वर्षांपासून. थ्री टेस्ला. सिस किंवा फिएस्टा, ०.८ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ. टाइम-ऑफ-फ्लाइट अँजिओ. कॉन्ट्रास्ट थ्री-डी टी-वन. फ्लेअर. शस्त्रक्रिया किंवा गामा नाइफचा विचार असेल तर डीटीआय, उलट्या दिशेच्या सीक्वेन्ससह. आधीचे उपचार तारखांसह. पंखा बंद ठेवावा.

स्कॅन झाल्यावर फिल्मच्या मोठ्या पाकिटावर समाधान मानू नये. फिल्मवर निवडक काप असतात, त्यावरून पुढे काहीही मोजता येत नाही. सगळ्या सीक्वेन्सची डायकॉम सीडी, म्हणजे मूळ डिजिटल चित्रांची सीडी मागून घ्यावी, त्याच आठवड्यात ती पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी आणि एकदा उघडून डीटीआयची फोल्डर त्यात खरंच आहेत ना ते पाहावं. रिपोर्ट तयार झाल्यावर कच्चा डीटीआय डेटा काही काळाने सेंटरच्या यंत्रणेतून काढून टाकला जाऊ शकतो. पुढचा स्कॅन होईल तो शक्यतो त्याच मशीनवर, त्याच सेटिंगवर करावा, आणि जाताना ती पेनड्राइव्ह सोबत न्यावी.